गावठी अंडं तांबडंच असतं का?

वाचकांचे प्रश्न : अंगणातल्या कोंबड्या

मागच्या अंकात खुराडं कसं बांधायचं ते लिहिलं होतं, त्यामुळं मला वाटलेलं की या वेळी प्रश्न येतील ते जाळी किती बारीक घ्यायची, पत्रा की कौलं असे. पण आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवर निम्म्याहून जास्त प्रश्न अंड्याच्या रंगाचे निघाले, तांबडं का पांढरं, खरं का खोटं, आणि कुठल्या जातीची कोंबडी घेतली की तांबडं मिळतं. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय.

"ताई नमस्कार. माझ्याकडं 11 कोंबड्या आहेत, सगळ्या गावठी, सासूबाईंच्या वेळच्या पैदाशीतल्याच. त्यातल्या तीन जवळजवळ पांढरी अंडी देतात. साताऱ्यात एका सोसायटीत मी रविवारी अंडी पोच करते, तिथं एका काकूंनी पांढरी बघून सगळ्यांसमोर म्हटलं की ही पोल्ट्रीची मिसळलीस. फार लागलं मनाला. आता ती पांढरी मी घरीच ठेवते. गावठी अंडं पांढरं असतं का हो?" – एक वाचक, कोरेगाव तालुका

असतं. अगदी असतं. आणि ती अंडी घरी ठेवू नका, त्याच ट्रेमध्ये बाकीच्यांच्या शेजारी ठेवा.

आधी रंग येतो कुठून ते बघू. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास जातात आणि त्यातले 20 तास नुसतं कवच चढण्यात जातात. हे कवच चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या कोंबड्यांचं पांढरंच असतं, पोल्ट्रीतली लेगहॉर्न असो नाहीतर तुमची परसातली असो. तांबडा रंग त्याच्यावर चढतो तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत, भिंतीला चुना देऊन झाल्यावर वरून गेरूचा हात फिरवावा तसा. तांबडं अंडं फोडलं की कवच आतून बघा, पांढरं दिसेल. या रंगद्रव्याला प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात, आपल्या रक्ताचा लाल रंग ज्याच्यापासून तयार होतो तेच हे. आता कुठली कोंबडी हा हात किती जाड मारणार ते तिच्या रक्तात ठरलेलं असतं, तिला मोकळं सोडलं का कोंडून ठेवलं, गांडूळ खाल्लं का फीड खाल्लं, याच्यावर पांढरीची तांबडी होत नाही.

आणि गावठी ही काय एक जात नाहीये. गावठी म्हणजे गावात पिढ्यानपिढ्या मिसळत आलेली. कुणाच्या आजोबांनी यात्रेतून असील जातीचा कोंबडा आणलेला, कुणाच्या वाड्यात सरकारी केंद्रातून लेगहॉर्नचा पांढरा कोंबडा आलेला, तो शेजारच्या चार घरांत फिरलेला. म्हणून तुमच्या 11 कोंबड्यांत एक फिकट गुलाबी देते, एक दुधाच्या सायीसारखी, एक चहाच्या रंगाची आणि तीन पांढरी देतात. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीनं तीच गावठीची खूण.

एक करून बघा. कोंबडी हातात धरा आणि कानाच्या खालची पाळी बघा. पाळी पांढरी असेल तर बहुतेक अंडं पांढरं, लाल असेल तर तांबूस. हा नियम जातिवंत कोंबड्यांत बऱ्यापैकी लागू पडतो, मिसळलेल्यांत थोडा ढिला पडतो, पण माझ्या काबऱ्या कोंबडीच्या लाल पाळीत मधोमध तांदळाएवढा पांढरा ठिपका आहे आणि ती देते ती अंडी पिठूर सायीच्या रंगाची, ना धड तांबडी ना पांढरी. मी तिचं अंडं ट्रेमधून डोळे झाकून नाही पण एका नजरेत ओळखते.

त्या काकूंना राग धरू नका, त्यांना पण आजवर कुणीतरी फसवलेलं असणार. पुढच्या रविवारी जाताना त्या तीन कोंबड्यांचा खोप्यात बसलेला फोटो मोबाइलवर घेऊन जा, किंवा सरळ सांगा की काकू एकदा कोरेगावला या, अंडं तुमच्या हातानं उचला. ताकदीचं विचारलं तर हेही सांगा की एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ती कवचाच्या रंगानं कमीजास्त होत नाहीत.

"कराडच्या बाजारात तांबडी अंडी घेतो. एका मित्राने सांगितलं, लिंबू लावून पुस, रंग गेला तर चहात बुडवलेली. मी बाजारातलं पुसलं, रंग गेला. मग घरी बहिणीच्या कोंबडीचं पुसलं, त्याचाही गेला! आता काय समजायचं?" – कराड

दादा, तुम्ही घरचं पण पुसून बघितलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर लोक एकच पुसतात आणि बाजारातल्या म्हातारीशी भांडत बसतात. लिंबू, व्हिनेगर, कुठलीही आंबट गोष्ट चुन्याचं कवच विरघळवते. रंग वरच्या थरात असतो, थर गेला की रंग गेला. खरं अंडं पण त्या परीक्षेत नापासच होणार. तेव्हा ही परीक्षा सोडून द्या आणि मित्रालाही सांगा.

चहाच्या पाण्यात बुडवून पांढरं अंडं तांबडं करतात हे मात्र खोटं नाही. मला याची फार चीड येते, कारण त्याचा मार शेवटी कोरेगावच्या ताईंसारख्या खरं विकणाऱ्या बाईला बसतो. ओळखायचं तर एक अंडं बघू नका, सगळा ट्रे बघा. 30 अंडी एका मापाची, एका रंगाची, एकसारखी मोठी असली तर ती दहा घरच्या परसातली नाहीत. गावठी अंडी लहान-मोठी असतात, एखादं लांबोळकं, एखादं गोल, एखाद्यावर राईएवढे गडद ठिपके. रंगवलेल्या अंड्यावर कधी ओघळ दिसतो, कधी जिथं अंडं टेकलं होतं तिथं फिकट गोल राहतो, आणि बारीक तडा गेलेला असेल तर चहा आत झिरपून पातळ पडद्यावर डाग उमटतो, तो फोडल्यावर दिसतो.

पण त्याच्याही पुढची गोष्ट सांगते. तांबडी अंडी देणाऱ्या लेअर, म्हणजे अंड्यासाठीच्या, कोंबड्याही पोल्ट्रीत पिंजऱ्यात पाळतात. त्यांच्या अंड्याला चहा लागतच नाही, रंग अस्सल असतो आणि तरी ते गावठी नसतं. म्हणजे तांबडा रंग बघून गावठी ठरवायचं हे मुळातच चुकतंय. घेताना रंग विचारू नका, "मावशी, किती कोंबड्या हायत, आन खुराडं कुठं हाय" असं विचारा. जिच्या घरी कोंबड्या आहेत ती बाई उभ्या उभ्या सगळ्यांची कुंडली सांगते.

"माण तालुक्यात आहे, पाणी कमी, ऊन भरपूर. 20-25 पक्षी ठेवायचे आहेत, अंड्यासाठी. आर.आय.आर., ग्रामप्रिया, वनराजा, कावेरी, गिरिराजा सगळी नावं ऐकून डोकं फिरलंय. कस्टमर तांबडी मागतो. कुठली जात घेऊ?" – दहिवडी

भाऊ, या सगळ्यांची अंडी तांबूसच असतात, कुणाची फिकट कुणाची गडद, त्यामुळं रंगाची काळजी इथंच मिटली. आता उरतं ते तुमचं अंगण, तुमचं ऊन, आणि तुमच्याकडं पोत्यात धान्य किती आहे ते.

वनराजा आणि ग्रामप्रिया दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराजा अंगानं भारी, मटणाला छान, परसात वर्षाला 100 ते 110 अंडी देते. ग्रामप्रिया अंगानं हलकी आणि अंड्यासाठीच काढलेली, नीट खायला दिलं तर 200 च्या आसपास जाते, नुसती उकिरड्यावर सोडली तर एवढी जाणार नाही. गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, तीही भारी अंगाची. आर.आय.आर. म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातली, तिथला राज्यपक्षीच आहे तो. गडद तांबडी-काळपट पिसं, तांबडं अंडं, काटक. आणि आपली साधी गावठी 60-70 अंडी देते, दर 12-15 अंड्यांनी खुडूक बसते, म्हणजे अंडं थांबवून उबवायला बसते.

तुमच्या भागाला भारी अंगाची नको. एप्रिल-मेमध्ये माणदेशात जे ऊन पडतं त्यात भारी पक्षी चोच उघडून धापा टाकत बसतो आणि अंडं कमी करतो, शिवाय मुंगूस किंवा कुत्रं मागं लागलं तर त्याला उडून बाभळीवर चढता येत नाही. हलक्या अंगाची कोंबडी चढते. मी तुमच्या जागी असते तर 15 आर.आय.आर. किंवा ग्रामप्रिया आणि 6-7 गावठी असं मिश्रण ठेवलं असतं, आणि गावठी ठेवायच्या कारण पिल्लं काढायला त्याच लागणार. सुधारित जातींचा खुडूक बसायचा गुण जवळजवळ मोडलाय, त्या अंडं देतात आणि चालू लागतात. अजून एक, ग्रामप्रिया, वनराजा या संकरातून काढलेल्या आहेत, त्यांची घरी पिल्लं काढली तर ती आईसारखी निघत नाहीत, दरवेळी नवीन पिल्लं आणावी लागतात. आर.आय.आर. ही शुद्ध जात आहे, तिच्यापासून तीच निघते. ज्याला परत परत पिल्लं विकत घ्यायची नाहीत त्यानं हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

पांढऱ्या लेगहॉर्नचं कुणी सुचवलं तर, अंड्याला तिला तोड नाही, 300 च्या घरात जाते, मोठा तुरा असल्यानं ऊनही बरं सोसते. पण ती कोंडून, मापात फीड देऊन पाळायची कोंबडी. उघड्या माळावर पांढरं पीस घारीला लांबून दिसतं.

पिल्लं कुठनं घ्यायची हे जातीपेक्षा महत्त्वाचं. आठ वर्षांपूर्वी गाडीवरून हिंडणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी "गावरान" म्हणून 20 पिल्लं घेतली, पिवळी पिल्लं तपकिरी रंगवलेली होती ते मला पहिल्या पावसात कळलं, आणि दोन महिन्यांनी 20 च्या 20 कोंबडे निघाले, पोल्ट्रीच्या जातीतले नर, ना अंडं ना वजन. तीन महिने धान्य घातलं त्यांना. म्हणून सांगते, कोल्हापूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे तिथं चौकशी करा, किंवा ज्याच्या घरी आई-बाप पक्षी डोळ्यानं बघता येतात त्याच्याकडून घ्या. पशुसंवर्धन खात्याची 25 तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणि 3 नर असा गट अनुदानावर द्यायची योजना असते, तुमच्या आकड्याला ती चपखल बसते, पंचायत समितीत विचारा. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घेतल्या की पिल्लाच्या पहिल्या महिन्याची मर टळते.

खाणं म्हणाल तर बाजरी तुमच्याकडं घरची असेल, भरडून द्या, पण नुसत्या बाजरीवर 200 अंड्यांची अपेक्षा धरू नका. रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम लेअर फीडच्या तोडीचं खाणं लागतं, त्यातलं काही ती हिंडून मिळवते, बाकी तुम्ही द्यायचं.

"कडकनाथचं अंडं काळं असतं ना? आमच्याकडं एकजण 60 रुपयांना देतो पण ते तर साधंच दिसतंय." – एक तरुण वाचक, वाळवा तालुका

साधंच दिसणार. कडकनाथची कातडी, तुरा, मांस, हाडं काळपट असतात, अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी किंवा सायीच्या रंगाचं असतं. काळ्या कुळकुळीत अंड्यांचे जे फोटो फिरतात ते रंगवलेले. ही जात मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली, तिच्या मांसाला 2018 ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं. वर्षाला 80 ते 100 अंडी देते आणि स्वतः खुडूक फारशी बसत नाही. अंड्यात औषध असतं म्हणून 60 रुपये देत असाल तर देऊ नका. पिल्लं काढायला फळलेली अंडी घेत असाल आणि समोर काळा कोंबडा हिंडताना दिसत असेल तर तो भाव तुमचा तुम्ही ठरवा.

वाळव्याच्या माणसाला मी वेगळं काय सांगू, 2019 ला कडकनाथच्या नावावर तुमच्या भागातल्या कितीतरी घरांचे पैसे अडकले, काहींनी दागिने मोडले होते. कोंबडीचा त्यात दोष नव्हता. पक्षी चांगला आहे, चार-सहा हौसेनं जरूर पाळा, पण "अंडी आम्हीच परत घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथं थांबा.

"9 गावठी कोंबड्या आहेत, अंडी फिकट. तांबडी व्हावीत म्हणून दीड महिन्यापूर्वी आर.आय.आर.चा कोंबडा सोडला. अजून फरक नाही. किती दिवस लागतात?" – पाटण

या कोंबड्यांच्या अंड्यांत कधीच फरक पडणार नाही. कवच आणि रंग दोन्ही कोंबडीच्या पोटात तयार होतात, त्यात कोंबड्याचा हात नसतो. पण म्हणून कोंबडा फुकट गेला असं नाही. त्याच्यापासून होणाऱ्या पोरी जेव्हा अंडं द्यायला लागतील, म्हणजे पिल्लू निघाल्यापासून साधारण सहा महिन्यांनी, तेव्हा त्यांची अंडी आयांपेक्षा गडद असतील, पण बापाच्या जातीइतकी नाही, मधली. तांबडा रंग एका जनुकावर नाही तर पुष्कळ गोष्टींवर ठरतो, त्यामुळं बहिणी-बहिणींतही छटा वेगळी निघते.

एक काळजी घ्या. जुना कोंबडा काढून टाकला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. लगेच अंडी रवणीला घातली तर पिल्लं जुन्याची पण निघतील. तुम्हाला दीड महिना झालाय, म्हणजे आता बिनधास्त घाला. आणि सगळ्या 9 च्या 9 कोंबड्या हळूहळू बदलून टाकू नका. पाटणच्या पावसात, ओलीत, तुमच्या त्या जुन्या कोंबड्या टिकून आहेत, पिल्लं पंखाखाली घेऊन बसतात, हा गुण एकदा गेला की विकत मिळत नाही. दोन-तीन तरी जुन्या पैदाशीच्या राहू द्या.

"18 आर.आय.आर. आहेत, दीड वर्षाच्या. छान तांबडी अंडी द्यायच्या. दहा-बारा दिवसांपासून अंडी फिकट पडलीत, काहींवर पांढरी भुकटी लागल्यासारखी, दोन तर बोट लावलं की दबली. खाणं तेच आहे. काय झालं असेल? द्राक्षबागेत खुराडं आहे." – तासगाव

हा या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. रंग शेवटी चढतो असं वर म्हटलं ना, म्हणूनच कोंबडीला काही झालं की पहिली रंगावर गदा येते. फिकट अंडं म्हणजे कोंबडीनं पाठवलेला निरोप समजा.

माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी असंच झालं. सकाळी खोप्यात हात घातला तर अंडं तांबडं पण वरून पीठ भुरभुरल्यासारखं, बोटानं पुसलं तर पांढरी पूड हाताला आली. दुसरं एका बाजूनं चपटं, जणू कुणी दाबून धरलेलं. खाणं बदललं नव्हतं, आजार दिसत नव्हता. तिसऱ्या रात्री खुराड्याशी गलका झाला म्हणून बॅटरी घेऊन गेले तर जाळीच्या खालून मुंगसानं उकरलेलं, हात आत जाईल एवढं बीळ. कोंबड्या सगळ्या वरच्या काठीवर, एकमेकीला चिकटून. घाबरलेली कोंबडी तयार अंडं अडवून धरते, ते आतच राहतं, त्याच्यावर चुन्याचा जादा थर बसत जातो, रंग त्याच्याखाली झाकला जातो. पाठोपाठ दुसरं अंडं आलं की दोन्ही एकमेकांना दाबतात, म्हणून ते चपटं. बीळ दगड-सिमेंटनं बुजवलं आणि आठवड्याभरात अंडी पूर्ववत झाली.

म्हणून आधी रात्री जाऊन बघा. काठ्यांच्या सांध्यात, फटीत बॅटरी मारा, टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यांनीही रंग उतरतो. मग ऊन. गरमीत कोंबडी धापा टाकते, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त जातो आणि कवचाला लागणारा माल रक्तात कमी पडतो, कवच पातळ होतं. दुपारी थंड पाणी, वर पाचट, आणि संध्याकाळी शिंपल्याचा चुरा. संध्याकाळी अशासाठी की कवचाचं काम मुख्यतः रात्री चालतं. घरच्या अंड्याची टरफलं घालायची असतील तर भाजून बारीक कुटून, अख्खी टाकली तर कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते. वय हेही एक कारण असतं, कोंबडी जुनी होते तसं अंडं मोठं होतं आणि तेवढाच रंग जास्त जागेवर पसरतो, पण ते हळूहळू होतं, दहा दिवसांत नाही. रक्ती हगवणीवरचं काही औषध नुकतं दिलं असेल तर आठवून बघा, त्यातल्या काहींनी तांबडी अंडी पांढरी पडतात.

आता खरी भीती. रंग उतरणं, कवच मऊ होणं आणि अंडी एकदम घटणं हे तिन्ही एकत्र असेल, सोबत शिंका, घरघर, हिरवी हगवण किंवा मान वाकडी असेल तर ती मानमोडी किंवा दुसरा विषाणूचा आजार असू शकतो, मग माझं पत्र वाचत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि आजारी पक्षी वेगळे करा. अंडी उतरवणारा एक आजार तर असा आहे की कोंबडी वरून ठणठणीत दिसते, फक्त अंडं पांढरं आणि बिनकवचाचं येतं, म्हणून "कोंबड्या तर चांगल्या आहेत" यावर थांबू नका. शिरवळला, आपल्या सातारा जिल्ह्यातच, सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नमुना तपासायचा झाला तर डॉक्टर तिकडचा रस्ता सांगतील.

आणि बाग. फवारणीच्या दिवशी आणि नंतर औषधाच्या पुडीवर लिहिलेले दिवस कोंबड्या बागेत सोडूच नका. त्या फवारलेलं गवत आणि मेलेले किडे दोन्ही खातात, तुम्ही त्यांची अंडी खाता आणि विकता.

"बलक पिवळाधमक असला की अंडं गावठी असं म्हणतात, खरं का?" – मिरज

बलकाचा रंग खाण्यावर, कवचाचा रंग जातीवर, हे दोन वेगळे हिशेब. पिवळा मका, लसूणघास, कोवळं गवत, शेवग्याचा पाला खाल्ला की बलक गडद. नुसती ज्वारी-बाजरी-तांदूळ खाल्ला की अस्सल गावठीचाही बलक फिकट. पोल्ट्रीच्या फीडमध्ये झेंडूचा अर्क घालूनही गडद करता येतो. तेव्हा बलक बघून कोंबडी काय खाते एवढंच कळतं.

"गच्चीवर 4 कोंबड्या आहेत. निळ्या अंड्याच्या कोंबडीची फळलेली अंडी ऑनलाइन मिळतात, एक 300 ला. मुलीला फार हौस. मागवू?" – सांगली शहर

निळं अंडं ही थाप नाही. चिलीकडच्या अरौकाना जातीच्या कोंबड्या निळं अंडं देतात, त्याचा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा आणि तो आतून-बाहेरून आरपार असतो, तांबड्यासारखा वरवर नाही. 2013 ला शास्त्रज्ञांनी शोधलं की फार जुन्या काळी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरला त्यामुळं हे झालं. निळ्यावर तांबडं चढलं की हिरवट.

पण मागवू नका. प्रवासात अंडं हादरतं, आतली हवेची पोकळी सरकते आणि निम्मी अंडी तर निघतच नाहीत, निघाली तरी त्यातले निम्मे कोंबडे, आणि कोंबडा गच्चीवर आरवला की शेजारी वर येतात. खरंच निळ्या अंड्याची होती का हे कळायला सहा महिने जातात, तोवर विकणाऱ्याचा नंबर लागत नाही. मुलीला हौस असेल तर कोणाकडं तरी तशी कोंबडी आणि तिचं अंडं दोन्ही समोर बघून तलंगच घ्या.

"माझी तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. शेजारीण म्हणती गोल अंडी ठेव, कोंबड्या निघतील, लांबट ठेवलीस तर कोंबडं. आन तांबडी ठेवू का पांढरी?" – शिराळा तालुका, नातीच्या फोनवरून एक आजी

आजी नमस्कार. शेजारणीला सांगा, गोल-लांबट काही नसतं. नर का मादी हे अंडं तयार होतानाच कोंबडीकडून ठरतं आणि बाहेरून ओळखू येत नाही. रंगावरही नाही. फार लांबट, फार गोल, फार मोठी, बारीक तडा गेलेली सोडून मधल्या मापाची निवडा, आठवड्याच्या आतली, धुतलेली नकोत. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, धुतला की आत जंतू जायला वाट होते. घाण लागली असेल तर कोरड्या कापडानं पुसा. 10 ते 12 पुरेत, जास्त घातली तर कडेची गार पडतात.

सातव्या रात्री नातीला मोबाइलची बॅटरी अंड्याखाली धरायला सांगा, आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे, नुसतं उजळ पिवळं दिसलं तर ते रिकामं, काढून टाका. पांढऱ्या कवचात हे सातव्या दिवशीच स्वच्छ दिसतं, गडद तांबड्यात नीट दिसत नाही, ती तीन दिवसांनी परत बघा, घाईनं फेकू नका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही, 21 व्या दिवशी निघतील, एखादं दिवसभर मागंपुढं. निघाल्यावर सातव्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, मानमोडी होऊ नये म्हणून. आणि तांबड्या कोंबडीखाली पांढऱ्या अंड्यातनं किती निघाली ते नातीला लिहून पाठवायला सांगा, मी वाट बघते.